सातवा रकाना : कोठून आले

खात्यात एकतीस वर्षं काढली असं सांगितलं, आणि खातं पोलिसांचं असं कळलं, की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. मग मी घाईनं सांगतो, की मी वर्दीतला नव्हे, टेबलावरचा. कमरेला कधी पट्टा नव्हता, खिशाला पेन होतं. चोर मी वर्तमानपत्रातच पाहिले. माझ्याकडं यायची ती चोरांपेक्षा घाबरलेली माणसं, आणि त्यांनी काहीच केलेलं नसायचं. दुसऱ्या देशात जन्मली होती, एवढंच.

माझं टेबल परकीय नागरिकांच्या नोंदणीचं. आधी परभणीला, आणि जिल्हा वेगळा झाल्यावर हिंगोलीला. आमच्या साखरा गावचे भाऊबंद हे ऐकून अजून हसतात. "हिंगोलीत कोन येऊन राहिलं बाबा परदेशातून? हळदीचा भाव पाहाले?" हसू द्या. पण येतात. हिवाळ्यात बसस्टँडजवळ स्वेटर विकणारी तिबेटी मंडळी यायची, आपापली नोंदणीची पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. एकदा कराचीहून एक म्हातारी आली होती, बहिणीला भेटायला. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, हातात पानाचा डबा. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "कोठून आलात?" तर माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "बेटा, मेरी छट्टी इसी गाँव में हुई. मैं तो घर आई हूँ. तू पूछता है कहाँ से आई?"

मी रकान्यात लिहिलं, कराची. दुसरं काय लिहिणार?

बाहेरच्या वाचकाला हे काम दोन वाक्यांत सांगता येईल. परदेशी माणूस इथं जास्त दिवस राहणार असेल तर त्यानं जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन नाव नोंदवायचं, पत्ता द्यायचा. जिल्हा बदलला तर इकडं 'निघालो' आणि तिकडं 'पोचलो' म्हणून मुदतीत कळवायचं. आणि व्हिसा संपायच्या आत वाढ मागायची. वाढ देणारे मुंबईत, मागणारा समोर आणि मधे मी. कागद घ्यायचे, तपासायचे, वर पाठवायचे, आणि परत आले की समोरच्याला सांगायचं, आणखी हे कमी आहे. कोणते कागद लागतात याची यादी वरून यायची. ती बदलायची. बदलली असं पत्र यायचं. का बदलली हे त्या पत्रात कधीच नसायचं.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कनं मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "हे बघ पोरा, रकाना म्हंजे दावणीचं जनावर. उपाशी ठेवला तं वरडतो. काही बी घाल, पन रिकामा ठेवू नको." मी ते ब्रह्मवाक्य मानलं. माझ्या रजिस्टरात रिकामा रकाना सापडला नाही, अशी तपासणीत दोनदा शाबासकी मिळाली. ज्या गोष्टीबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो, ती याच शाबासकीतून झाली.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं, रस्ता सोडून आत, एक तांडा आहे. तिथं एका लहानशा संस्थेची शाळा होती. पत्र्याचे चार वर्ग आणि एक बोअर. त्या शाळेत गणित शिकवायला कर्स्टन नावाच्या बाई आल्या, डेन्मार्कहून. पन्नाशी ओलांडलेली, उंच, उन्हानं लाल झालेली बाई. आपल्या देशात पंचवीस वर्षं मास्तरकी करून, नवरा गेल्यावर, संस्थेच्या कुणा ओळखीनं इकडं आलेली. एका वर्षासाठी आली ती राहिली. दर वर्षी मुदत वाढवायला परभणीला माझ्याकडं यायची. तांड्यावरून गोरेगावपर्यंत पायी, तिथून जीपनं सेनगाव, मग हिंगोली, मग परभणी. टेबलासमोर बसली की आधी पदरानं, म्हणजे ओढणीनं, तोंड पुसायची आणि म्हणायची, "सांगा भाऊ, आता काय नवीन मांगून राहिले?"

मराठी तिनं पोरींकडून उचलली होती. त्यामुळं तिच्या तोंडी पुस्तकातला एक शब्द नव्हता. सगळ्यात लाडका शब्द 'काहून', म्हणजे आपलं 'का'. यादीत फोटो तीनचे पाच झाले असं सांगितलं की ती विचारायची, "काहून?" संस्थेचं हमीपत्र साध्या कागदावर चालायचं, ते स्टँपपेपरवर लागेल म्हटलं की, "काहून?" रक्त तपासून आणा म्हटलं, तरी "काहून?" रागानं नव्हे हो. गणिताची मास्तरीण होती. पायरी सोडून पुढं जायची तिला सवय नव्हती. आणि मी एकतीस वर्षांत या शब्दाला उत्तर शिकलो नाही.

तिच्या कागदांच्या तऱ्हा सांगायच्या तर एक दिवाळी अंक पुरायचा नाही. एका वर्षी फोटो परत आले, डोळ्यांचा रंग पासपोर्टशी जुळत नाही म्हणून. चौकशी केली तर कळलं, की फोटोवाल्याला तिचे निळे डोळे म्हणजे छपाईतला दोष वाटला होता. भला माणूस, त्यानं बारीक ब्रश घेऊन पाचही फोटोंत ते नीट काळे करून दिले. वर म्हणाला, "मॅडमचे डोळे उडाले होते, म्या बराबर केले." दुसऱ्या वर्षी रहिवासाचा दाखला लागला. तो तांड्याच्या नाईकांनी, हरसिंग नाईकांनी, मोठ्या प्रेमानं करून आणला. त्यात लिहिलं होतं, 'कस्तुरबाई मास्तरीण आमच्या तांड्यात राहतात, स्वभावानं चांगल्या आहेत व वेळेवर जेवतात.' कर्स्टनची तांड्यानं कस्तुरबाई केली होती. पासपोर्टातलं नाव घालून दुसरा दाखला आणा, असं मी म्हणालो, तेव्हा नाईक विचारात पडले. म्हणाले, "त्या नावाची बाई आमच्यात न्हाई साहेब."

हरसिंग नाईक म्हणजे सत्तरीचा, सावकाश बोलणारा माणूस, डोक्याला लाल पागोटं. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून मुलूख पालथा घातलेला. नाईकांच्या आज्यानं या माळावर बैल सोडले, आणि तांडा बसला तो बसला. त्यांची नात सुमित्रा कर्स्टनबाईंच्या वर्गात होती. सहा पोरी होत्या त्या वर्गात. तांड्यातून दहावीपर्यंत पोचलेल्या पहिल्या पोरी. त्याआधीच्या सगळ्या सातवी-आठवीत ऊसतोडीला तरी गेल्या, नाही तर सासरी.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या महाराष्ट्रदिनी हिंगोली जिल्हा झाला. पेढे वाटले, फटाके वाजले. आम्हा कारकुनांच्या वाट्याला काय आलं म्हणाल तर वाटण्या. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, माणसंही वाटली. मी हिंगोली मागून घेतलं, घर जवळ म्हणून. नवं टेबल, नवा शिक्का आणि नवं कोरं रजिस्टर. त्याचा वास अजून आठवतो.

जुलैत कर्स्टनबाई आल्या. जुन्या कार्यालयाचं पत्र त्यांना मिळालं होतं: तुमचा तांडा आता नव्या जिल्ह्यात गेला, तिथं हजर व्हा. हे पत्र बरोबरच होतं. मीही नियमानं त्यांच्यापुढं नोंदणीचा फॉर्म ठेवला. बाईंनी चष्मा लावून भरायला घेतला. नाव, देश, पासपोर्ट, व्हिसा, मुक्काम, धंदा. सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'कोठून आले, व निघाल्याचा दिनांक.'

"हे काय लिहू?"

"परभणी लिहा," मी म्हणालो. "एप्रिलची तीस तारीख टाका. पोचल्याची तारीख एक मे."

"पन मी कुठं गेले? मी तांड्यावरच हाय."

"तुम्ही तांड्यावर आहात हो. पण तांडा परभणीतून हिंगोलीत आला."

बाई हसल्या. मग माझ्याकडं पाहून हसायच्या थांबल्या. "भाऊ, मी निघाले न्हाई, मी आले न्हाई. तीस तारखेले मी पोरींचे पेपर तपासून राहिले होते. खोटं काहून लिहू?"

मी समजावलं. ही नुसती रीत आहे, कुणी बघत नाही, रकाना भरला की झालं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि फॉर्मवर तो रकाना तसाच सोडून सही केली. म्हणाल्या, "ज्याचं उत्तर न्हाई, ते रिकामं ठेवायचं. मी पोरींनाही हेच शिकवते. अंदाजे उत्तर लिहायचं न्हाई."

त्या गेल्या आणि तो फॉर्म माझ्यापुढं पडून राहिला. नव्या जिल्ह्याचं नवं रजिस्टर, पहिली नोंद, आणि तिच्यात भोक. मला ते बघवेना. खरं सांगतो, मनात वाईट काही नव्हतं. रिकाम्या रकान्यामुळं बाईंचीच फाईल परत येईल, हेलपाटा पडेल, असंच वाटलं. मी पेन उचललं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: परभणी, ३० एप्रिल. पोचले: १ मे. फॉर्मवर लिहिलं आणि रजिस्टरातही. मग टीपकागदानं नीट टिपून घेतलं.

ऑगस्टमध्ये त्यांचा मुदतवाढीचा अर्ज वर गेला. व्हिसा ऑक्टोबरअखेर संपत होता, पोरींची परीक्षा मार्चमध्ये. पाच महिन्यांचा प्रश्न. यादीतले सगळे कागद होते, यंदाचे नवेही. फोटोत डोळे निळे होते.

सप्टेंबरच्या शेवटी फाईल परत आली. त्यात एक परिच्छेद होता, तो मला अजून पाठ आहे. सदर परकीय नागरिक एक मे रोजी नवीन जिल्ह्यात दाखल झाल्या, मात्र चौदा दिवसांच्या मुदतीत हजर न होता जुलैत हजर झाल्या. हा नियमभंग असल्यानं मुदतवाढीचा विचार करता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी देश सोडण्याबाबत त्यांना कळवावं.

वरच्या माणसानं चूक काय केली? त्याच्यापुढं एक तारीख होती. ती नसती तर त्यानं विचारलं असतं, हा रकाना रिकामा का? आणि मग कुणीतरी खरं सांगितलं असतं. रिकामा रकाना प्रश्न विचारतो, भरलेला विचारत नाही. हे कळायला मला बावीस वर्षं नोकरी करावी लागली.

नोटीस द्यायला बाईंना बोलावलं. सोबत हरसिंग नाईक आणि सुमित्राही आली. पोरीनं शाळेचाच निळा पोशाख घातला होता आणि उभीच राहिली होती. बाईंनी कागद दोनदा वाचला. तोंड लाल होतं ते पांढरं पडलं.

"मी तारीख लिहिली नव्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे कुनी लिहिलं?"

साहेब आतल्या खोलीत होते. शेजारच्या टेबलावरचे दोघं ऐकत होते. माझ्या तोंडून निघालं, "ऑफिसनं."

ऑफिसला हात नसतात, हे त्या बाईला कळत नव्हतं असं नाही. माझं अक्षर तर तिनं तीन वर्षं पाहिलेलं. पण तिनं कागदाची घडी घातली आणि नुसती मान हलवली. मला वाटलं, काहून म्हणेल. तेही म्हणाली नाही.

बोलले ते नाईक. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, एक विचारू? आमचे बाप-दादे बैलं हाकीत फिरले. आज हितं, उद्या तिथं. तवा आमाले कोनी पत्ता पुसला न्हाई. मंग सरकार म्हणालं, बसा एका जागी. आमी बसलो. आता आमी बसलो तं तुमचा जिल्हा चालून राहिला. अन् गुन्हा बसलेल्यावर?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं, मग रजिस्टरात डोकं खुपसलं.

नाईक पुढं म्हणाले, "आमच्या पोरीचं लगीन म्या दोन साल थांबवलं. बिरादरीत बोलनी खाल्ली. बाई म्हनत होत्या, दहावी होऊ द्या. आता बाईच गेल्या तं मी कोनाच्या भरोशावर थांबवू?"

सुमित्रा माझ्याकडं पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गणित सोडवताना पोरं फळ्याकडं जशी पाहतात, तशी ती पाहत होती. पुढची पायरी मी सांगेन असं तिला वाटत असावं.

ते गेल्यावर मी डबा उघडला आणि तसाच बंद करून ठेवला. दुपारी साहेबांकडं गेलो आणि सांगितलं, ती तारीख माझी. बाईंनी रकाना कोरा सोडला होता. साहेब चांगले होते. म्हणाले, "तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी खुलासा द्यावा लागेल. आणि दिला तर सेवापुस्तकात जाईल. प्रमोशन जवळ आलंय तुमचं. विचार करा."

विचार केला तर माझ्यासारखा माणूस काहीच करत नाही, हे मला माहीत होतं. तिथंच उभ्यानं कागद मागितला. एकतीस वर्षांत मी हजारो पत्रं लिहिली, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांनी भरलेली; पण एवढं सरळ पत्र तेच एक. नियमभंग बाईंनी केलेला नाही, त्या कुठेही गेलेल्या नाहीत, गाव होतं तिथंच असून जिल्हा बदलला आहे, आणि दिनांक निम्नस्वाक्षरीकारानं स्वतःच्या समजुतीनं घातला. सोबत नाईकांचा जबाब जोडला, त्यांच्याच शब्दांत. साहेबांनी फाईल माणसाबरोबर वर पाठवली.

ऑक्टोबर संपायला आठ दिवस असताना उत्तर आलं. एकतीस मार्चपर्यंत मुदतवाढ मंजूर. ही अखेरची समजावी. त्याच पाकिटातल्या दुसऱ्या कागदावर मला ताकीद होती. प्रमोशन दोन वर्षं लांबलं. घरी बायको म्हणाली, "लई शहाणपना नडला." खरंच होतं, पण कोणता शहाणपणा ते मी तिला सांगितलं नाही.

बाईंना मंजुरीचं पत्र दिलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. "ऑफिसनं चूक केली, ऑफिसनंच निस्तरली," असं म्हणाल्या. सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "हो, तसंच म्हणायचं." माणूस वरिष्ठांना खुलासा देऊ शकतो, त्यात तो फक्त पगारवाढीला मुकतो. ज्याचं नुकसान केलं त्याच्या डोळ्यांत बघून सांगणं वेगळं असतं.

मार्चमध्ये सहा पोरी परीक्षेला बसल्या. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी मी काही कारण काढून केंद्रावरून चक्कर मारली. बाई फाटकाबाहेर लिंबाखाली उभ्या होत्या, एकेक पोर बाहेर आली की आधी तिला पाणी देत होत्या आणि मग प्रश्नपत्रिका मागत होत्या. एकतीस तारखेच्या आधी त्या गेल्या. निकाल त्यांनी पाहिला नाही. सहांपैकी पाच पास झाल्या. उरलेल्या एकीचे गणिताचे मार्क पुरेसे होते, ती इंग्रजीत गेली.

दोन वर्षांनी बाईंनी तिकडून पुन्हा अर्ज केला. त्याची चौकशी माझ्याच टेबलावर आली: सदर व्यक्तीच्या मागील नोंदीची नक्कल पाठवावी. मी शिफारसीचं चांगलं लांबलचक पत्र लिहिलं. पण नक्कल ती नक्कल. रजिस्टरात सातव्या रकान्यात परभणी होतं, तीस एप्रिल होतं, आणि हजर जुलैत. माझा खुलासा मुदतवाढीच्या फाईलबरोबर मुंबईत कुठंतरी बांधून पडला होता. रजिस्टरात शेरा मारून घ्यायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. साहेबांपुढं ठेवला असता, सही झाली असती. पण नवे साहेब आलेले, तपासणी जवळ, जुनं उकरून कशाला काढा, असा विचार केला. एकदा केलेला चांगुलपणा पुरेसा आहे असं मन फार लवकर ठरवतं. अर्ज नाकारला गेला. नक्की कशामुळं ते मला कुणी सांगितलं नाही. पण मी पाठवलेल्या कागदात चांगलं सगळं माझ्या मताचं होतं आणि वाईट तेवढं रेकॉर्डवरचं.

काही महिन्यांनी कार्यालयाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. समुद्राचं चित्र, मागं देवनागरी अक्षरं, तांड्यातल्या पोरीसारखी मोठीमोठी. 'भाऊ, परत अर्ज केला. न्हाई म्हणले. काहून?'

उत्तर मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा या शब्दाला माझ्याकडं उत्तर होतं, आणि मी ते लिहिलं नाही. कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढं मला पोलिसांच्या दाखल्यांचं टेबल मिळालं, तेव्हा ते माझ्याबरोबर नव्या ड्रॉवरमध्ये आलं.

निवृत्तीला दहा-बारा दिवस उरले असताना एक तरुण बाई समोर येऊन बसली. साडी, खांद्याला पर्स, हातात कागदांची फाईल. म्हणाली, "ओळखलं न्हाई ना साहेब? मी सुमित्रा. हरसिंग नाईकांची."

ती गणिताची शिक्षिका झाली होती, बी.एड. करून. नाईक वारले होते. मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेत तिला नोकरी लागली होती आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला हवा होता. तिच्या टी.सी.वर जन्मगाव जिल्हा परभणी, पासपोर्टवर जिल्हा हिंगोली. तिकडच्यांनी विचारलं होतं, नक्की कुठं जन्मलात?

"यादी तिसऱ्यांदा बदलली त्यांनी," ती म्हणाली. "आधी साधा दाखला चालते म्हणाले, आता म्हणते यात कुठून कुठं राहाले गेले ते सगळं पाहिजे. काहून?"

तो शब्द तिनं तिच्या आजोबांसारखा उच्चारला की बाईंसारखा, मला ठरवता आलं नाही. तिच्या दाखल्याचा मसुदा मी स्वतः केला. 'जन्मापासून याच तांड्यात वास्तव्य. तांडा पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. गाव बदललेलं नाही, जिल्हा बदलला आहे.' तिनं वाचलं आणि म्हणाली, "एवढं सोपं होतं?"

मी उठलो. माझ्या जुन्या टेबलाच्या कपाटातून ते पहिलं रजिस्टर काढलं, पहिलं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं सातव्या रकान्यावर बोट ठेवलं, पुढच्या तारखा पाहिल्या, बोटांवर दिवस मोजले आणि मान वर केली. गणिताची मास्तरीण, तिला समजवायची गरज पडली नाही.

मी शेऱ्याच्या रकान्याजवळ पेन नेलं. तो नऊ वर्षं रिकामा होता. माझ्या रजिस्टरातला एकमेव, आणि तोही माझ्या भित्रेपणानं. लिहिलं: 'रकाना ७ मधील नोंद चुकीची आहे. सदर व्यक्ती कोठूनही आलेली नाही. ती इथेच होती.' खाली माझी सही केली आणि रजिस्टर आत साहेबांपुढं ठेवलं. साहेब तरुण होते. वाचून म्हणाले, "आता याचा काय उपयोग?"

"रकाना बरोबर होईल साहेब," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सही केली.

बाहेर येईपर्यंत सुमित्रानं पर्समधून तिच्या कागदांची यादी काढली होती. ती तिनं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर शेरा उतरवून घेतला, शब्दन् शब्द. बाईंना तिची पत्रं जात होती. सणासुदीला त्यांचा फोनही यायचा. बाईंना आता सत्तरी जवळ आलेली, गुडघे दुखतात, अर्ज आता त्या करत नाहीत.

"पाठवते त्यांना," ती म्हणाली. "पन बाई इचारतीलच, हे कुनी लिहिलं म्हनून. काय सांगू, ऑफिसनं?"

तिला तो दिवस आठवत होता तर.

"न्हाई," मी म्हणालो. "माझं नाव सांग. अन् म्हण, दोन्ही वेळा त्यानंच लिहिलं."